सॉफ्टवेअर प्रस्थापना आणि नवखा वापरकर्ता : सुबोध विकल्पसूचीची तत्त्वे

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी चौथे उद्दिष्ट गुणवत्तापूर्ण शिक्षणाचे आहे. त्याअंतर्गत ४.४.१ हा निर्देशांक युवक आणि प्रौढ यांच्याकडे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची कोणकोणती कौशल्ये आहेत, हे मोजतो. फाइलची नक्कल करणे, ई-मेल पाठवणे, सादरीकरण तयार करणे यांच्या जोडीला त्यात आणखी एका कौशल्याचा समावेश आहे. सॉफ्टवेअर शोधणे, उतरवून घेणे, संगणकावर बसवणे आणि आपल्या गरजेनुसार त्याची मांडणी करणे, हे ते कौशल्य होय. सॉफ्टवेअरच्या या प्रस्थापनेला जागतिक विकासाच्या मोजपट्टीवर स्थान मिळाले, यामागे निश्चित कारण आहे. ज्याला आपल्या यंत्रावर हवे ते सॉफ्टवेअर स्वतः बसवता येते, तो त्या यंत्राचा खऱ्या अर्थाने धनी असतो. ज्याला ते जमत नाही, त्याला प्रत्येक वेळी दुकानदारावर वा ओळखीच्या जाणकारावर विसंबून राहावे लागते. आपल्या यंत्रात काय भरले गेले आणि कोणत्या अटींना आपल्या नावाने संमती दिली गेली, याचा त्याला पत्ताही नसतो.

हे कौशल्य केवळ प्रशिक्षणाने येते, असा समज रूढ आहे. वस्तुतः त्याचा अर्धा भाग वापरकर्त्याच्या शिक्षणावर आणि अर्धा भाग पडद्यावर दिसणाऱ्या विकल्पसूचीच्या रचनेवर अवलंबून असतो. ही सूची सुबोध कशी होते, याचा विचार संगणकशास्त्रापुरता मर्यादित नाही. भाषा, मानसशास्त्र, वर्तनवादी अर्थशास्त्र आणि ग्राहक कायदा या सर्वांशी त्याचा संबंध येतो. म्हणूनच स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने हा विषय अभ्यासण्याजोगा आहे.

‘सहज’ म्हणजे काय?

एखादी सूची ‘सहज समजणारी’ आहे असे म्हटले जाते, तेव्हा तिचे ज्ञान माणसाला उपजतच असते असा अर्थ होत नाही. ॲपल कंपनीत मॅकिंटॉश प्रकल्पाची सुरुवात करणारे जेफ रस्किन यांनी १९९४ मध्ये या शब्दाची चिकित्सा करणारा एक लेख लिहिला होता. वापरकर्ते ज्याला सहज म्हणतात ते बहुतेक वेळा केवळ परिचित असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्याने माउस कधी हाताळला नाही, त्याला तो सहज वाटत नाही. ज्याने हाताळला आहे, त्याला तो शिकावा लागला होता याचाही विसर पडलेला असतो.

या विधानातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. परिचय हा व्यक्तीगणिक वेगळा असतो. महानगरातील अभियंत्याला जी सूची सहज वाटेल, ती प्रथमच संगणकासमोर बसलेल्या ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला वाटेलच असे नाही. त्यामुळे सुबोधतेचा विचार करताना ‘कोणासाठी सुबोध?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

भारतातील एक प्रयोग या संदर्भात उद्‌बोधक आहे. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी वस्तीलगतच्या भिंतीत एक संगणक बसवून तो मुलांसाठी खुला ठेवला. ‘भिंतीतील भगदाड’ या अर्थाच्या नावाने हा प्रयोग जगभर ओळखला जातो. कोणी शिकवणारे नसताना मुलांनी पडद्यावरील वस्तूंना स्वतःची नावे दिली. बाणाच्या खुणेला ती ‘सुई’ म्हणत आणि काम चालू असल्याचे दाखवणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’. वाळूचे घड्याळ मुलांनी कधी पाहिले नव्हते, डमरू मात्र पाहिला होता. नवखा माणूस पडद्यावरील खुणेचा अर्थ स्वतःच्या अनुभवविश्वातून लावतो, रचनाकाराच्या अनुभवविश्वातून नव्हे, हे यावरून ध्यानात येते.

आज्ञेपासून दुकानापर्यंत

प्रारंभीच्या संगणकांवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी आज्ञा पाठ असाव्या लागत आणि त्यातील एक अक्षर चुकले तरी काम अडे. १९८१ मधील झेरॉक्स स्टार आणि १९८४ मधील मॅकिंटॉश या संगणकांनी चित्रखुणा व सूची यांवर आधारलेली पद्धत पुढे आणली. तिचे मर्म असे की, आठवून लिहिण्यापेक्षा समोर पाहून ओळखणे माणसाला सोपे जाते. १९९० च्या दशकात एका वेळी एकच प्रश्न विचारणारी आणि ‘पुढे’ व ‘मागे’ अशी बटणे असणारी पडद्यांची मालिका रूढ झाली. जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर आणि त्याच वर्षी अँड्रॉइड मार्केट सुरू झाले. अँड्रॉइड मार्केटचेच २०१२ मध्ये गूगल प्ले असे नामांतर झाले. या टप्प्यावर प्रस्थापना एका बटणापुरती आक्रसली.

या प्रवासात श्रम कमी झाले, पण निर्णय नाहीसे झाले नाहीत. सॉफ्टवेअर कोठे बसावे, किती जागा घ्यावी, कोणती माहिती वाचावी हे निर्णय कोणीतरी घेतच असते. आज्ञांच्या काळात ते वापरकर्ता घेत असे, आता बव्हंशी निर्माता घेतो. म्हणूनच कोणता प्रश्न विचारावा, कोणता विचारू नये आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर काय गृहीत धरावे, हा सुबोध रचनेचा गाभा आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण : डेबियनचा प्रस्थापक

ही तत्त्वे तपासण्यासाठी डेबियन या मुक्त कार्यप्रणालीचे उदाहरण उपयुक्त ठरते. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’, म्हणजेच भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, ही भारतीय कार्यप्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. कार्यप्रणाली बसवणे हे प्रस्थापनेचे सर्वांत अवघड रूप होय, कारण एका चुकीच्या उत्तराने संगणकातील सर्व माहिती पुसली जाऊ शकते.

डेबियनचा सध्याचा प्रस्थापक २००५ च्या ३.१ या आवृत्तीबरोबर आला. त्यातील प्रत्येक प्रश्नाला अत्यावश्यक, उच्च, मध्यम किंवा निम्न अशी प्राधान्यश्रेणी दिलेली असते. सामान्य वापरकर्त्याला केवळ पहिल्या दोन श्रेणींतील प्रश्न विचारले जातात, उरलेल्यांची उत्तरे प्रस्थापक स्वतः गृहीत धरतो. तज्ज्ञाने स्वतंत्र विकल्प निवडला, तर त्याच्यापुढे सर्व प्रश्न येतात. अशा प्रकारे एकाच रचनेतून नवखा आणि जाणकार या दोघांची सोय साधली जाते.

प्रश्नांचा क्रमही विचारपूर्वक ठरवलेला आहे. पहिला प्रश्न भाषेचा असतो आणि यादीत प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीतही लिहिलेले असते. मराठी वाचकाला ‘मराठी’ हा शब्द देवनागरीतच दिसतो. निवडलेल्या भाषेचा अनुवाद अपुरा असेल, तर तशी पूर्वसूचना मिळते. पुढचा प्रश्न देशाचा. त्यासाठी जगातील सर्व देशांची यादी पुढे न करता निवडलेल्या भाषेवरून संभाव्य देशांची छोटी यादी दाखवली जाते. एका उत्तराचा उपयोग पुढचा प्रश्न सोपा करण्यासाठी होतो, हे येथे लक्षात घ्यावे.

डिस्कच्या विभागणीचा टप्पा सर्वांत नाजूक असतो. तेथे मार्गदर्शित आणि स्वहस्ते असे दोन मार्ग उपलब्ध आहेत. मार्गदर्शित मार्गात ‘सर्व फाइली एकाच विभागात’ या विकल्पापुढे तो नव्या वापरकर्त्यांसाठी योग्य असल्याची शिफारस नमूद केलेली असते. नवख्याला अडवणारी अडचण विकल्पांच्या अभावाची नसते. त्यांतील आपला कोणता, हे न कळण्याची असते. शिफारशीचे ते चार शब्द ही अडचण दूर करतात. सर्व निवडी झाल्यावरही डिस्कवर लगेच काही लिहिले जात नाही. कोणते बदल होणार याची यादी दाखवून शेवटची परवानगी मागितली जाते आणि त्या प्रश्नाचे गृहीत उत्तर ‘नाही’ असे ठेवलेले असते. घाईघाईने बटण दाबत जाणाऱ्याचे नुकसान होऊ नये, हा त्यामागील हेतू होय.

सॉफ्टवेअर निवडण्याचा टप्पाही असाच उद्‌बोधक आहे. २०२३ च्या डेबियन १२ या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक सॉफ्टवेअर-संच होते. ती सर्व यादी नवख्यापुढे ठेवणे व्यर्थ ठरले असते. म्हणून प्रस्थापक ‘डेस्कटॉप’, ‘वेब सर्व्हर’ अशा कामांच्या नावांनी मोजके गट दाखवतो. वापरकर्त्याला सॉफ्टवेअरचे नाव ठाऊक नसले, तरी आपल्याला संगणकावर काय करायचे आहे हे त्याला ठाऊक असते.

या प्रस्थापकाची एक उणीवही तितकीच बोलकी आहे. अनेक वायफाय उपकरणांना चालण्यासाठी लागणारे निर्मात्याचे अंतर्गत सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचे नसते. तत्त्वनिष्ठेपोटी डेबियनच्या अधिकृत प्रतीत ते समाविष्ट केले जात नसे. परिणामी नवख्याला ‘अमुक फाइल सापडत नाही, ती दुसऱ्या साधनावरून पुरवा’ अशा आशयाची सूचना मिळे. ती फाइल आणण्यासाठी इंटरनेट लागे आणि इंटरनेटसाठी तीच फाइल. अखेर २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान करून अशा फाइली अधिकृत प्रतीत घेण्यास मान्यता दिली आणि डेबियन १२ पासून हा बदल अमलात आला. सूचीची शब्दरचना कितीही सुधारली, तरी धोरणातून निर्माण झालेली अडचण शब्दांनी सुटत नाही. तिच्यासाठी धोरणच बदलावे लागते.

सुबोध विकल्पसूचीची सूत्रे

मानव-संगणक आंतरक्रियेच्या अभ्यासात गेल्या काही दशकांत काही सूत्रे सर्वमान्य झाली आहेत. याकोब नील्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेली दहा तत्त्वे आणि डोनाल्ड नॉर्मन यांचा १९८८ मधील दैनंदिन वस्तूंच्या रचनेविषयीचा ग्रंथ ही त्यांची प्रमुख उगमस्थाने होत. प्रस्थापनेच्या संदर्भात पुढील पाच सूत्रे विशेष महत्त्वाची ठरतात.

१. विकल्प मोजके आणि गटवार असावेत. विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये केलेल्या प्रयोगांतून विकल्पांची संख्या वाढते तसा निर्णयाला लागणारा वेळ वाढतो, असे दिसून आले. ही वाढ सरळ प्रमाणात न होता लघुगणकीय प्रमाणात होते. याच संदर्भात जॉर्ज मिलर यांच्या १९५६ मधील ‘सात, अधिक-उणे दोन’ या निष्कर्षाचा अनेकदा चुकीचा आधार घेतला जातो. तो निष्कर्ष माणसाच्या तात्कालिक स्मृतीविषयी आहे. सूचीतील विकल्प डोळ्यांसमोर असतात, ते लक्षात ठेवावे लागत नाहीत. त्यामुळे ‘सूचीत सातच विकल्प असावेत’ असा नियम त्यातून निघत नाही.

२. गृहीत उत्तर सुरक्षित असावे. बहुसंख्य लोक आधीच निवडून ठेवलेला विकल्प बदलत नाहीत. वर्तनवादी अर्थशास्त्राचा हा महत्त्वाचा निष्कर्ष होय. रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टीन यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात सौम्य प्रेरणेची संकल्पना मांडली. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारताच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालातही सार्वजनिक धोरणातील सौम्य प्रेरणेवर स्वतंत्र प्रकरण आहे. प्रस्थापनेतील गृहीत उत्तर ही अशीच प्रेरणा असते. तिच्यात वापरकर्त्याचे हित पाहिले आहे की निर्मात्याचे, यावर तिची नैतिकता ठरते.

३. बटणावर परिणाम लिहिलेला असावा. ‘ठीक’ आणि ‘रद्द’ हे शब्द प्रश्न नीट वाचला असेल तरच अर्थपूर्ण ठरतात. ‘डिस्क पुसून पुढे जा’ आणि ‘काहीही न बदलता परत जा’ अशी बटणे असतील, तर प्रश्न न वाचताही परिणाम कळतो.

४. काय चालले आहे ते दिसावे. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये कामाची टक्केवारी दाखवणाऱ्या पट्टीचा अभ्यास केला आणि वापरकर्त्यांचा कल अशा पट्टीकडे असल्याचे दाखवून दिले. पडदा निश्चल राहिला, तर नवखा माणूस यंत्र बिघडले असे समजून ते मध्येच बंद करतो आणि त्यामुळे प्रस्थापना खरोखरच बिघडते. वीजपुरवठा आणि इंटरनेट यांचा भरवसा नसलेल्या ठिकाणी अर्धवट राहिलेले काम पुन्हा तेथूनच सुरू होणे, हेही तितकेच आवश्यक असते.

५. परतीचा मार्ग खुला असावा. ‘मागे’ हे बटण, शेवटच्या क्षणापर्यंत माघार घेण्याची मुभा आणि बसवलेले सॉफ्टवेअर तितक्याच सुलभतेने काढून टाकण्याची सोय या तिन्ही गोष्टी मिळून वापरकर्त्याची भीती घालवतात. आपल्या हातून काही बिघडेल, ही भीती नवख्याच्या शिकण्यातील मोठा अडसर असते.

भाषेचा प्रश्न

भारतात या सर्व सूत्रांच्या मुळाशी भाषेचा प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेनुसार पहिली, दुसरी वा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी नोंदवणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे साडेदहा टक्के होते, तर साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७३ टक्के. म्हणजे स्वतःच्या भाषेत वाचू शकणारा, परंतु इंग्रजी सूचीपुढे निरक्षर ठरणारा फार मोठा वर्ग या देशात आहे. त्याच्यासाठी भारतीय भाषेतील सूची हेच प्रवेशद्वार आहे.

हे प्रवेशद्वार उभारण्यात तांत्रिक अडचणीही होत्या. देवनागरीतील जोडाक्षरे आणि मात्रा केवळ मजकूर दाखवणाऱ्या जुन्या पडद्यावर नीट उमटत नसत. डेबियनमध्ये २००७ च्या ४.० या आवृत्तीबरोबर चित्रात्मक प्रस्थापक आला, तेव्हा अशा लिप्यांचा मार्ग मोकळा झाला. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये इस्की हे मानक निश्चित झाले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुढे युनिकोड सार्वत्रिक झाल्यावर फाँटनिहाय संकेतांचा गोंधळ हळूहळू कमी झाला. केंद्र शासनाच्या भारतीय भाषा तंत्रज्ञान विकास कार्यक्रमातून २००५ मध्ये तमिळ व हिंदी भाषांसाठी फाँट आणि उपयुक्त सॉफ्टवेअरच्या सीडी विनामूल्य प्रसारित करण्यात आल्या, त्यानंतर इतर भाषांची पाळी आली.

केवळ अनुवाद झाला म्हणजे सूची सुबोध होते, असे मात्र नाही. ‘फाइल’, ‘पासवर्ड’, ‘डाउनलोड’ हे शब्द मराठी वाचकाच्या अंगवळणी पडले आहेत. त्यांच्या जागी कोशातील अपरिचित प्रतिशब्द आले, तर वाचकाला दोनदा भाषांतर करावे लागते. उलटपक्षी ‘माउंट पॉइंट’ यासारखी संज्ञा देवनागरीत लिहिल्याने समजत नाही. तेथे ‘हा विभाग कोठे जोडायचा’ असा साधा प्रश्नच उपयोगी पडतो.

कळफलकाची अडचण यापेक्षा सूक्ष्म आहे. प्रस्थापनेच्या वेळी पासवर्ड देवनागरी कळफलकावरून टाइप झाला आणि नंतर प्रवेशाच्या पडद्यावर इंग्रजी कळफलक आला, तर वापरकर्त्याला स्वतःच्याच संगणकात प्रवेश मिळत नाही. पासवर्डची अक्षरे ठिपक्यांनी झाकलेली असल्याने चूक लक्षातही येत नाही. म्हणून भारतीय भाषेचा कळफलक निवडताच दोन लिप्यांमध्ये अदलाबदल कोणत्या कळीने करायची, हे डेबियनचा प्रस्थापक लागलीच विचारतो.

संमती, सक्ती आणि कायदा

प्रस्थापनेची सूची ही एका अर्थाने कराराची जागा असते. ‘मला मान्य आहे’ हे बटण दाबताना वापरकर्ता परवाना स्वीकारतो आणि अनेकदा आपल्या माहितीवरील हक्कही सोपवतो. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत ॲप बसवतानाच संपर्क, स्थान, कॅमेरा अशा सर्व परवानग्या एकगठ्ठा मागितल्या जात. एक तर सर्व द्या, नाही तर ॲप सोडा, असा तो मामला होता. २०१५ मधील अँड्रॉइड ६.० पासून कॅमेऱ्यासारखी संवेदनशील परवानगी तिचा प्रत्यक्ष वापर होताना विचारण्याची पद्धत आली. छायाचित्र काढताना कॅमेऱ्याची परवानगी का हवी, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. योग्य वेळी विचारलेला प्रश्न अर्धा समजलेला असतो.

सुबोध रचनेची हीच तंत्रे उलट दिशेनेही वापरता येतात. आधीच टिचकी मारून ठेवलेली चौकट, फिकट रंगात दडवलेला नकार, दुहेरी नकाराने फिरवलेला प्रश्न, एका सॉफ्टवेअरबरोबर गळ्यात मारलेले दुसरे सॉफ्टवेअर, ही त्याची उदाहरणे होत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. सक्तीची कृती, रचनेतील हस्तक्षेप, फसवा प्रश्न, सततचा तगादा आणि घातक सॉफ्टवेअरची दिशाभूल हे त्यांपैकी प्रस्थापनेशी निकट संबंध असणारे प्रकार होत. तत्पूर्वी २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी खरेदीसाठी आधीच टिचकी मारलेल्या चौकटीतून संमती नोंदवण्यास मनाई केली होती.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ या विषयाला भाषेचीही जोड देतो. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, ती स्पष्ट होकारात्मक कृतीतून व्यक्त व्हावी आणि तिची मागणी साध्या, सुस्पष्ट भाषेत केली जावी, असे त्यात म्हटले आहे. ही मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा विकल्प नागरिकाला द्यावा लागतो. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी करण्याची तरतूद त्यांत आहे. आजवर रचनाकाराच्या सौजन्यावर सोडलेली सुबोधता यामुळे कायदेशीर कर्तव्याच्या कक्षेत आली आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आणि भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक यांनी याच विचाराला सुगम्यतेची जोड दिली आहे. पडद्यावरील मजकूर ध्वनिरूपात वाचून दाखवणारी सोय प्रस्थापनेनंतर उपलब्ध होऊन भागत नाही. अंध व्यक्तीला प्रस्थापनाच स्वतः करता यावी, यासाठी ती पहिल्या पडद्यापासून हवी. डेबियनच्या प्रारंभिक सूचीत वाचासंश्लेषणासह प्रस्थापना हा स्वतंत्र विकल्प त्यासाठीच दिलेला आहे.

प्रशिक्षण आणि रचना

डिजिटल साक्षरतेसाठी भारतात मोठे प्रयत्न झाले आहेत. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणकाची ओळख तालुक्यापर्यंत पोहोचवली. केंद्र शासनाने २०१७ मध्ये मंजूर केलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचे लक्ष्य सहा कोटी ग्रामीण व्यक्तींना, प्रत्येक कुटुंबातून एक याप्रमाणे, साक्षर करण्याचे होते. मार्च २०२४ मध्ये ही योजना समाप्त झाली, तोवर ६.३९ कोटी व्यक्तींना प्रशिक्षण मिळाले होते. तथापि, गरज किती मोठी आहे हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीतून दिसून येते. २०१७-१८ मध्ये १५ ते २९ वयोगटातील ग्रामीण भागातील सुमारे २४ टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५६ टक्के व्यक्तीच संगणक हाताळू शकत होत्या.

प्रशिक्षण प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्रपणे द्यावे लागते. सूचीची सुधारणा मात्र एकदा केली की ती वापरणाऱ्या सर्वांना लाभते. केरळच्या शाळांनी या दोन्हींची सांगड घातली. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ या प्रकल्पाने पुढे मुक्त सॉफ्टवेअरचा अंगीकार केला आणि शालेय विषयांना लागणारी सॉफ्टवेअर आधीच समाविष्ट असलेली कार्यप्रणाली तयार करून घेतली. शिक्षकाला हजारो संचांतून निवड करावी लागली नाही, त्याच्यासाठी ती विचारपूर्वक आधीच झाली होती. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराबाबत केंद्र शासनाचेही धोरण २०१५ पासून अस्तित्वात आहे. ज्या सॉफ्टवेअरची सूची स्थानिक गरजेनुसार बदलता येते, ते शासकीय वापरासाठी अधिक सोयीचे ठरते, हा या अनुभवाचा बोध होय.

सुलभीकरणाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. सर्व निर्णय आधीच घेऊन ठेवले, तर प्रस्थापना सोपी होते, पण वापरकर्ता काहीच शिकत नाही. एका बटणाने सर्व काही बसवणाऱ्याला आपल्या यंत्रात काय आले, हे आज्ञांच्या काळातील नवख्याइतकेच अज्ञात राहते. म्हणून प्रश्न कमी करणे पुरेसे नाही. जे प्रश्न वापरकर्त्याची माहिती, पैसा आणि खासगीपणा यांना स्पर्श करतात, ते त्याला त्याच्या भाषेत विचारले गेले पाहिजेत. उरलेल्या तांत्रिक प्रश्नांचा भार यंत्राने स्वतः उचलावा. या दोहोंमधील सीमारेषा योग्य जागी ओढणे, हेच सुबोध विकल्पसूचीचे खरे कसब आहे.

उजळणीसाठी प्रश्न

१. शाश्वत विकास उद्दिष्टांमधील निर्देशांक ४.४.१ काय मोजतो? त्यात सॉफ्टवेअर प्रस्थापनेचा समावेश का महत्त्वाचा आहे?

२. ‘गृहीत उत्तर ही सौम्य प्रेरणा असते.’ फसव्या रचनांविषयीच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.

३. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मधील संमतीची वैशिष्ट्ये सांगून भाषाविषयक तरतुदीचे महत्त्व स्पष्ट करा.

४. डिजिटल दरी कमी करण्यात प्रशिक्षण आणि सॉफ्टवेअरची रचना यांचा परस्परसंबंध उदाहरणांसह विशद करा.